स्वस्त हत्यार कोणाला महाग पडते?



स्वस्तातले हत्यार घ्यावे की घेऊ नये, हा प्रश्न व्यासपीठावर मांडण्याजोगा नाही, तो लोखंडबाजारातल्या दुकानाच्या फळीशी उभे राहून सोडवायचा आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. वाटणे स्वाभाविक आहे. पाना, पक्कड, कानस, पटाशी ही नावे इतिहासाच्या पुस्तकांतून सहसा आढळत नाहीत. तेथे तलवारी आढळतात. परंतु ज्या गावांनी तलवारी केल्या त्याच गावांनी पुढे सुऱ्या, कात्र्या, करवती आणि कानशी केल्या, आणि तलवारींच्या लढाया संपल्यानंतरही या हत्यारांच्या बाजारातली लढाई चालूच राहिली. स्वस्त माल खरा की खोटा, शिक्क्यावर विश्वास ठेवावा की ठेवू नये, आणि स्वस्ताईतली तूट भरून कोण देतो, या तीन प्रश्नांवर इंग्लंडातल्या शेफील्ड आणि जर्मनीतल्या सोलिंगेन या दोन गावांत शंभर वर्षांहून अधिक काळ वाद झाला. त्यात कारागीर होते, व्यापारी होते, पार्लमेंट होते आणि आम्ही ज्या चळवळीत आयुष्य घालवले त्या कामगार चळवळीचे पूर्वजही होते. त्या पूर्वजांनी केलेले सगळेच काही अभिमानाने सांगण्यासारखे नाही. तरीही ते सांगितले पाहिजे, कारण आजच्या खरेदीचा शहाणपणा त्यातूनच निघतो.

आरंभी हत्याराची जात समजून घेऊ. हत्याराला किंमत येते ती तीन गोष्टींमुळे. पहिली गोष्ट पोलाद. लोखंडात कार्बनचा अंश ठरावीक प्रमाणात असेल तरच ते कडक होऊ शकते. फार कमी असेल तर ते मऊ राहते, फार जास्त झाला तर ते बीड होते आणि बीड ठोक्याने तुटते. दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. आपले लोहार पोलादाला पाणी पाजतात म्हणजे ते लाल तापवून एकदम थंड करतात. त्याने ते कडक होते खरे, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवून थोडा कडकपणा उतरवावा लागतो. घासलेल्या पोलादावर त्या वेळी रंग चढत जातात, प्रथम फिका गवती, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. वस्तऱ्याला गवती रंगावर थांबायचे, ठोका खाणाऱ्या छिन्नीला जांभळ्या-निळ्यापर्यंत न्यायचे, हे ज्ञान उष्णतामापक यंत्रे येण्यापूर्वी केवळ डोळ्यांत होते. तिसरी गोष्ट घडण, म्हणजे घासणे, जुळवणे आणि तपासणे. स्वस्त माल करणारा या तिन्हींपैकी कोठे तरी बचत करतो. बाहेरचा मुलामा मात्र तिन्ही ठिकाणच्या उणिवांवर सारखेच पांघरूण घालतो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार आहे.

शेफील्डचे नाव फार जुने. चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीने आपल्या एका पात्राच्या मोज्यात शेफील्डची सुरी खोवली आहे, एवढी तिची ख्याती तेव्हाच पसरलेली होती. डोंगराळ मुलखातून खाली येणाऱ्या लहान नद्यांवर पाणचक्क्या चालत, सहाणेसाठी लागणारा खरखरीत दगड जवळच्या टेकड्यांत मिळे, आणि उत्तम लोखंड स्वीडनहून येई. 1624 साली पार्लमेंटच्या कायद्याने तेथे सुरी-कारागिरांची कंपनी स्थापन झाली. कोणी उमेदवार ठेवावे, कोणी कोणता शिक्का मारावा, हे ही कंपनी ठरवी, आणि धारेच्या हत्याराला धार पोलादाचीच असली पाहिजे असा तिचा दंडक होता. म्हणजे शिक्का ही त्या काळी जाहिरात नव्हती, जबाबदारी होती. माल खोटा निघाला तर कोणाची मान धरायची हे शिक्का सांगत असे.

पुढे 1740 च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नावाच्या एका घड्याळजीला घड्याळाच्या कमानीसाठी एकजिनसी पोलाद हवे होते. त्याने मातीच्या मुशीत पोलाद वितळवून ते मिळवले. शेफील्डच्या कारागिरांनी ते प्रथम नाकारले. फार कडक आहे, घडवायला त्रास पडतो, ही त्यांची तक्रार. तेव्हा हंट्समनने ते फ्रान्सला विकले आणि त्याच पोलादाच्या फ्रेंच सुऱ्या बाजारात दिसू लागल्यावर शेफील्डचे डोळे उघडले, असे सांगतात. येथे आपल्या देशाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. मुशीत पोलाद करण्याची विद्या दक्षिण हिंदुस्थानात त्याच्या कितीतरी शतके आधीपासून होती. त्या पोलादाला युरोपीय लोक वुट्झ म्हणत. मुंबईत राहणाऱ्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला पाठवले आणि 1795 साली जॉर्ज पीअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. पुढे विजेच्या शोधांमुळे कीर्ती पावलेला मायकेल फॅरडे आणि सुऱ्या करणारा जेम्स स्टोडार्ट हे दोघे 1820 च्या सुमारास याच पोलादाचे रहस्य शोधीत बसले होते. सारांश, चांगले हत्यार ही एकाच देशाची मिरास कधीच नव्हती.

1814 साली शेफील्डच्या कंपनीचे निर्बंध उठले. आता उमेदवारी केलेली असो वा नसो, कोणीही धंदा करू शकत होता. वाफेचे यंत्र आले होते. इमारतीचा मालक आपल्या कारखान्यातली एकेक सहाण, एकेक पट्टा भाड्याने देई. ज्याच्याजवळ आठवड्याचे भाडे भरण्याइतके पैसे, तो स्वतःला मालक म्हणवी. अशा शेकडो लहान मालकांची चढाओढ लागली आणि भाव खाली येऊ लागले. व्यापारी एकाचा भाव दुसऱ्याला सांगून दोघांनाही वाकवीत. मग कोठे तरी बचत करणे भाग पडले, आणि बिडाच्या ओतीव कात्र्या, काटे आणि सुऱ्या पोलादी म्हणून विकल्या जाऊ लागल्या. हा गोंधळ इतका वाढला की 1819 साली पार्लमेंटने कायदा करून ठोकून घडवलेल्या खऱ्या मालावर हातोड्याची आकृती उमटवण्याची मुभा दिली. लंडनमध्ये न बनलेल्या सुरीवर लंडनचे नाव घालू नये, असेही त्याच कायद्यात सांगावे लागले. पुढे ज्या शेफील्डने परक्यांनी आपले नाव चोरले म्हणून आकांत केला, त्याच्या दारात दुसऱ्याच्या नावाची चोरी आधीच होऊन गेली होती, हे या कायद्यावरून उघड होते.

मात्र बचतीचा सर्वांत मोठा वाटा पोलादातून निघाला नाही. तो माणसांच्या छातीतून निघाला. सहाणेवर पाती घासणारे कामगार, ज्यांना आपल्या कारखान्यांतून ग्राइंडर म्हणतात, ते दिवसभर दगडाच्या आणि पोलादाच्या धुळीत वाकून बसत. काही माल ओल्या सहाणेवर घासला जाई, पण काटे आणि सुया यांसारखा माल कोरडाच घासत, आणि तेथे धूळ सर्वांत जास्त. डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी 1843 मध्ये या छातीच्या रोगावर लिहिले. 1845 साली एंगल्सने इंग्लंडातील कामगारांच्या स्थितीवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात शेफील्डच्याच डॉ. नाइट यांच्या आधाराने कोरड्या सहाणेवरच्या कामगाराचे सरासरी आयुष्य जेमतेम 35 वर्षे आणि ओल्या सहाणेवरच्याचे फार तर 45 वर्षे दिले आहे. धूळ ओढून नेणारे पंखे तोवर निघाले होते. पण ते बसवायचे कोणी? जागेचा मालक म्हणे, मी फक्त भाडे घेतो. भाडेकरी म्हणे, मला परवडत नाही. आणि ऐकून अंगावर काटा येईल, पण काही कामगारांनीच या पंख्यांना विरोध केला. धुळीची भीती गेली तर या कामात आणखी माणसे शिरतील आणि मजुरी उतरेल, असा त्यांचा हिशेब होता. मजुरी टिकावी म्हणून माणसाने आपले आयुष्य तोडून द्यावे, या थरापर्यंत स्वस्ताईची चढाओढ गेली होती. त्या काळचा स्वस्त काटा ज्या घरी गेला, त्या घरातल्या कोणाला हा हिशेब ठाऊक नव्हता.

या परिस्थितीत शेफील्डच्या कामगार संघटना उभ्या राहिल्या. भाव पाडणारा आणि प्रमाणाबाहेर उमेदवार ठेवणारा कारागीर त्यांना शत्रू वाटे. वर्गणी न देणाऱ्याच्या सहाणेचा पट्टा आणि हत्यारे रात्री नाहीशी होत, आणि वर्गणी भरली की परत मिळत. हे तेथवरच थांबले नाही. जेम्स लिन्ली नावाच्या कारागिराने फार उमेदवार ठेवले, एवढ्या कारणावरून 1859 साली त्याच्यावर गोळी झाडण्यात आली आणि काही महिन्यांनी तो मेला. 1866 च्या ऑक्टोबरात एका करवत घासणाऱ्या कामगाराच्या घराच्या तळघरात दारूचा स्फोट करण्यात आला. तो संघटना सोडून वादातल्या कारखान्यात काम करीत होता. सरकारने चौकशी नेमली, खरे सांगणाऱ्याला माफी देऊ केली, आणि 1867 च्या उन्हाळ्यात करवत-ग्राइंडरांच्या संघटनेचा चिटणीस विल्यम ब्रॉडहेड याने या कृत्यांसाठी आपण पैसे दिले असे कबूल केले.

आम्ही संघटनेची माणसे. ब्रॉडहेडचे नाव टाळून हा इतिहास सांगणे आम्हांला सोपे गेले असते. पण टाळू नये. त्याच्यापुढचा प्रश्न खरा होता, त्याचा मार्ग गुन्ह्याचा होता, आणि शिवाय निरुपयोगी होता. लिन्लीला मारून एकाही कानशीचा भाव वाढला नाही. स्वस्त माल जेथून येत होता ती व्यवस्था जागच्या जागीच राहिली, आणि त्या व्यवस्थेत भरडला गेलेला एक गरीब माणूस मात्र दुसऱ्या गरीब माणसांच्या हातून मेला. सुदैवाने चौकशी एवढ्यावर संपली नाही. देशभरच्या संघटनांचा विचार करण्यासाठी राजआयोग बसला, बहुतेक संघटना कायद्याने वागतात असे दिसून आले आणि 1871 साली कामगार संघटनांना कायद्याची मान्यता मिळाली.

त्याच वर्षांत बाहेरून दोन वारे येत होते. पहिला अमेरिकेचा. शेफील्डला कानशीचे दाते छिन्नी-हातोड्याने एकेक करून हातांनी पाडीत. पाते शिशाच्या गादीवर ठेवावे लागे आणि त्या शिशाचे विष कामगाराच्या अंगात भिनत जाई. 1864 साली अमेरिकेत प्रॉव्हिडन्स येथे निकल्सन याने यंत्राने दाते पाडणारा कारखाना काढला. 1866 साली शेफील्डच्या कानस-कामगारांनी मोठा संप केला. मजुरी आणि यंत्र, दोन्ही त्यात गुंतली होती. तो संप हरला. यंत्राची कानस वाईटच असते असे हात-कारागीर बराच काळ सांगत राहिले. प्रारंभी त्यात तथ्यही असेल. परंतु यंत्र सुधारत गेले आणि एकसारख्या दात्यांची, स्वस्त आणि चांगली कानस बाजारात आली. ही स्वस्ताई लबाडीची नव्हती. ती रीत बदलल्याने आली होती, आणि शिशाच्या गादीपासून माणसाची सुटका करणारीही होती.

दुसरा वारा जर्मनीचा. वुपर नदीकाठचे सोलिंगेन हेही तलवारींचे जुने गाव. पण एकोणिसाव्या शतकात जर्मन मालाची कीर्ती अशी होती की 1876 साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जर्मनीचा प्रतिनिधी म्हणून गेलेल्या फ्रान्झ रूलो या यंत्रशास्त्रज्ञाने आपल्याच देशाच्या मालाला स्वस्त आणि टाकाऊ म्हणून घरचा अहेर दिला. जर्मनीत त्याच्यावर मोठा गहजब झाला. इकडे इंग्लंडात शेफील्डचे नाव कोरलेल्या जर्मन सुऱ्या विकल्या जात होत्या. त्यातला आणखी एक प्रकार असा की शेफील्डचेच काही व्यापारी जर्मन पाती मागवून त्यांवर आपल्या गावाचे नाव उठवीत. याविरुद्ध शेफील्डच्या कामगार संघटनांनी आवाज उठवला, सभा घेतल्या, मालकांच्या कंपनीशी हातमिळवणीही केली. ज्या गावात वीस वर्षांपूर्वी तळघरात दारू पेरली जात होती, त्याच गावची संघटना आता कायदा मागत होती. आमच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना आहे.

कायदा 1887 साली झाला. इंग्रजी नाव किंवा चिन्ह असलेल्या परक्या मालावर तो कोठे बनला हे छापणे बंधनकारक झाले. जर्मनीत बनलेला हे शब्द गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी होते. परंतु जर्मन कारखानदारांनी रूलोची कडू मात्रा पोटात घेतली होती. माल सुधारला, आणि जो शब्द कलंक म्हणून लादला होता तोच शिफारस होऊन बसला. 1896 मध्ये अर्नेस्ट विल्यम्स यांनी याच शब्दांचे नाव देऊन पुस्तक लिहिले आणि इंग्रजांना इशारा दिला. 1938 मध्ये तर सोलिंगेनचे नाव इतरांनी चोरू नये म्हणून जर्मनीला स्वतंत्र कायदा करावा लागला. चोरावेसे वाटण्याजोगे नाव कमावायला त्यांना दोन पिढ्या लागल्या. पुढे हीच कथा जपानच्या बाबतीत घडली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी माल म्हणजे चेष्टेचा विषय होता, आणि पंचवीस-तीस वर्षांत ती चेष्टा बंद पडली.

या इतिहासातून आम्ही एक भेद काढतो. स्वस्ताई दोन प्रकारची असते. एक कमाईची, दुसरी चोरीची. रीत सुधारली, यंत्र चांगले आले, वायफळ डामडौल कमी केला, मधला दलाल गाळला, तर हत्यार स्वस्त होते आणि कोणाचेही नुकसान होत नाही. ही कमाईची स्वस्ताई. पोलादात खोट केली, पाणी नीट पाजले नाही, तपासणी गाळली किंवा कामगाराच्या छातीत धूळ भरली, तर ती चोरीची स्वस्ताई. फळीवर ठेवलेली दोन्ही हत्यारे सारखीच चकाकतात. म्हणून केवळ किमतीवरून माल चांगला किंवा वाईट ठरवणारे दोघेही फसतात. स्वस्त म्हणून नाक मुरडणारा 1890 सालच्या चांगल्या जर्मन कात्रीला मुकला असता, आणि स्वस्त म्हणून धावणारा 1820 सालची बिडाची कात्री घरी घेऊन आला असता.

शिक्क्याचेही तसेच. अमेरिकेतल्या सीअर्स या मोठ्या दुकानाने 1927 साली क्राफ्ट्समन हे नाव विकत घेतले आणि हत्यार मोडले तर बदलून देऊ अशी हमी पुढे त्या नावाला जोडली. सीअर्सचा स्वतःचा हत्यारांचा कारखाना नव्हता. माल निरनिराळ्या कारखान्यांकडून करून घेतला जाई, आणि त्याच दुकानात डनलॅप या नावाने हलका मालही मिळे. म्हणजे नाव दुकानाचे, घडण तिसऱ्याची. आजही पुष्कळ नावांमागे हीच व्यवस्था आहे. म्हणून नाव विचारण्यापेक्षा, मोडले तर परत कोण घेतो हे विचारणे अधिक शहाणपणाचे. आपल्या देशात 1947 साली भारतीय मानक संस्था निघाली आणि 1952 च्या कायद्याने तिला मालावर प्रमाणचिन्ह देण्याचा अधिकार मिळाला. 1987 पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरो पाहते. शेफील्डच्या कंपनीने 1624 साली जे आपल्या एका गावापुरते केले, ते येथे देशापुरते करण्याचा हा प्रयत्न आहे. पंजाबात जालंदर-लुधियान्याच्या बाजूला हत्यारांचा मोठा धंदा वाढला, आणि आपल्या नाशिकच्या सातपूर वसाहतीत स्वीडनच्या बाको कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने कारखाना उभा राहिला. परदेशी ते चांगले, ही समजूत आता सोडून द्यायला हरकत नाही.

मग दुकानात उभे राहून काय करावे? ज्या हत्याराला धार आहे किंवा ज्याच्यावर पिळाचा जोर येतो, तेथे पैसा राखू नये. कानस, पटाशी, पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर ही त्या जातीतली. ओळंबा, मोगरी, पहार, क्वचित लागणारा शिकंजा यांत स्वस्त माल बहुधा चालून जातो. हातोडा मात्र साधा दिसतो म्हणून फसू नये. वाईट पाणी पाजलेल्या हातोड्याचा टवका उडून डोळा जाऊ शकतो. पक्कड मिटून उजेडाकडे धरावी. जबड्यांतून वेडावाकडा प्रकाश दिसला तर ती तार धरणार नाही. चांगल्या कानशीचा कोपरा हत्याराच्या धारेजवळ हलकेच ओढावा. कानस घसरली तर पोलाद कडक आहे, चावली तर मऊ आहे. पान्याचे तोंड नव्या नटावर बसवून पाहावे. ते सैल डुगडुगले तर नटाचे कोपरे जातील आणि हाताची सालपटे निघतील.

आणि हिशेब किमतीचा न करता कामाचा करावा. समजा एक कानस 100 रुपयांची आहे आणि महिन्यात बोथट होते, दुसरी 250 ची आहे आणि चार महिने चालते. रोज कानस चालवणाऱ्या फिटरला पहिली चार महिन्यांत 400 रुपयांना पडली. पण वर्षातून दोनदा दाराची कडी घासणाऱ्या गृहस्थाने 250 खर्च करण्याचे कारण नाही. त्याला पहिलीच पुरे. एकच हत्यार एकाला महाग आणि दुसऱ्याला स्वस्त असू शकते.

अडचण एवढीच की ज्याला चांगले हत्यार सर्वांत जास्त हवे, त्याच्याच खिशात एका वेळी 250 रुपये नसतात. कंत्राटी कामगाराला पुष्कळ ठिकाणी स्वतःची हत्यारे आणावी लागतात. तो आज परवडते ते घेतो आणि वर्षभर त्याचा दंड भरतो. शेफील्डचा ग्राइंडर आपल्या सहाणेचे भाडे स्वतः भरत असे, त्याची ही आजची आवृत्ती होय. तेव्हा काम देणाऱ्याने हत्यार द्यावे ही मागणी संघटनांनी लावून धरावी, आणि ती मान्य होईपर्यंत दहा-वीस जणांनी मिळून चांगला माल घाऊक भावाने घ्यावा. ब्रॉडहेडच्या मार्गाने जे मिळाले नाही, ते पुढच्या पिढीने एकत्र येऊन आणि उघडपणे मागून मिळवले. आपल्यालाही तोच मार्ग मोकळा आहे.

उद्या आपण एखादे हत्यार घ्यायला जाल तेव्हा किंमत विचाराच. पण मागोमाग दोन प्रश्न आणखी विचारा. हे कोठे बनले, आणि मोडले तर परत कोण घेणार? दुकानदार पहिल्या दिवशी हसेल. शंभर गिऱ्हाइकांनी विचारले की तो आपल्या घाऊक व्यापाऱ्याला विचारू लागेल. बाजार सुधारतो तो असाच.